आठ वर्षांच्या पोराला गाडी द्यायची का? आधी त्याच्या सायकलचे ब्रेक बघा

तासगाव तालुक्यातनं एका ताईंचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीला. धाकटे दीर पुण्यात कामाला, त्यांनी येत्या दिवाळीला पुतण्यासाठी छोटी डर्ट बाइक, म्हणजे मातीत पळवायची मोटरसायकल, आणायचं ठरवलंय, पेट्रोलवरची ५० सीसीची, कुणाकडनं तरी सेकंडहँड मिळतेय. मिस्टरांची तयारी आहे, कारण पोरगं तसंही रोज संध्याकाळी मळ्यातनं घरी येताना स्प्लेंडरच्या टाकीवर बसून हँडल धरतंय, मूठ पण पिळतंय, आणि मिस्टर मागनं नुसते क्लच-ब्रेक बघतात. सासरे म्हणतात आम्ही सातवीत राजदूत पळवली, काय झालं आम्हाला? पोराला सायकल येते, "पण ब्रेक लागतच नाहीत, पायानंच थांबवतो" असं ताईंनी जाता जाता लिहिलंय. शिवाय जाऊबाईंची मुलगी दहावीला आहे, ती ॲक्टिव्हा घेऊन तासगावला क्लासला जाते, त्यामुळं पोरगं म्हणतंय दीदीला चालतं मग मला का नाही. शेवटी ताईंचा प्रश्न: "नक्की कोणत्या वयात पोराच्या हातात गाडी द्यावी? आणि मी नाही म्हणते म्हणजे मी भित्री आहे का?"

ताई, तुम्ही भित्र्या अजिबात नाही. घरात तीन मोठी माणसं एका बाजूला आणि तुम्ही एकट्या दुसऱ्या बाजूला असताना तुम्ही विचारताय, त्याला हिंमत लागते. मी सांगलीत बरीच वर्षं लोकांना टू-व्हीलर शिकवतोय, कॉलेजच्या पोरांना, चाळिशीतल्या मॅडमना, नोकरी लागली म्हणून घाईनं शिकायला आलेल्यांना, आणि एवढं ठामपणे सांगू शकतो की गाडी पळवायला कुणालाच शिकवावं लागत नाही. मूठ पिळली की गाडी पळते, ते आठ वर्षांच्या पोरालाही दहा मिनिटात येतं. शिकवावं लागतं ते थांबवायला. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ते सायकलच्या ब्रेकचं वाटलं, त्यावर येतोच, पण त्याच्या आधी एक गोष्ट जी दिवाळीपर्यंत थांबायची नाही, आजच बंद करायची.

ती म्हणजे टाकीवर बसवणं. डर्ट बाइक आली तर पुढची गोष्ट, हे तर रोज चाललंय. स्प्लेंडरला ॲक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हाताला असतात, पोराची मूठ तिथं असली की दाजींचा हात ब्रेकवर पोचायला उशीर होणार आणि तेवढ्या वेळात समोरनं कुत्रं आलं किंवा बांधावरनं म्हैस उतरली तर काय? आणि जोरात ब्रेक मारला तर पोराची छाती आणि तोंड सरळ हँडलवर, मीटरवर आपटतं, वर मागनं बापाचं अख्खं वजन त्याच्यावर येतं. म्हणजे बापाच्या पुढ्यात आहे म्हणून सेफ आहे असं आपल्याला वाटतं आणि असतं नेमकं उलटं. दुसरं असं की पोराच्या डोक्यात हे बसतं की मूठ माझी आणि ब्रेकचं काम पप्पांचं. हे डोक्यातनं काढायला नंतर लई वेळ जातो, माझ्याकडं असे अठरा-एकोणीस वर्षांचे गडी येतात ज्यांनी लहानपणी वर्षानुवर्षं टाकीवर बसून मूठ पिळलीय, त्यांचा हात गडबडीत ब्रेककडं जातच नाही.

तेव्हा आठ वर्षांचं पोरगं मागं बसेल. दोन्ही पाय फुटरेस्टला नीट टेकत असतील तर, आणि दोन्ही हातांनी धरून बसत असेल तर. टेकत नसतील तर चाकात टाच जायची भीती असते, साडी गार्ड नसलेल्या गाडीवर तर बसवूच नका, टाचेचं मांस जातं आणि भरून यायला महिने लागतात. डोक्याला हेल्मेट, कारण चार वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं असं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच आहे, गाडी चालवणारा असो की मागं बसणारा. चार वर्षांच्या आतल्या पोरांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे, पोराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या पुढच्याला छोटं हेल्मेट, आणि स्पीड ४० च्या वर नाही. हे आपल्याकडं कुणी पाळताना मला दिसत नाही पण नियम आहे आणि चांगला आहे, घरात अजून लहान कुणी असेल तर उपयोगी पडेल. आणि रथोत्सव बघून, जत्रेवरनं, लग्नावरनं रात्री परत येताना पोरगं मागं बसल्या बसल्या झोपतं, ते कळत पण नाही, तेव्हा अशा वेळी सरळ एसटी किंवा वडापची जीप.

स्कूटरचं पण सांगून टाकतो कारण घरात ॲक्टिव्हा आहे. दुकानासमोर गाडी चालूच ठेवून, पोराला पुढं उभं ठेवून आपण एक पाय टेकून पैसे काढतो, पोरगं खेळता खेळता मूठ पिळतं आणि गाडी सुटते. त्यामुळं चढताना आधी मोठ्यानं बसायचं आणि मग पोराला घ्यायचं, उतरताना आधी चावी बंद करायची आणि मग पोराला उतरवायचं, गाडी चालू असताना पोरगं गाडीवर एकटं कधीच नको, पाच सेकंद पण नको.

आता तुमचा वयाचा प्रश्न. याचं एक उत्तर नाही, दोन आहेत, कारण प्रश्नच दोन आहेत. एक रस्त्यावर चालवायचा आणि एक आपल्या रानात, बंदिस्त जागेत चालवायचा. घरातल्यांनी हे दोन्ही एकत्र केलेत म्हणून भांडण मिटत नाहीये.

रस्त्याचं उत्तर सरळ आहे, १८ पूर्ण. कायद्यात १६ ची एक सवलत आहे पण ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला, आईवडिलांच्या संमतीनं, आणि रीतसर लायसन्स काढून. लोक ही सवलत ॲक्टिव्हाला लावतात, आमच्याकडं येऊन सांगतात की सोळा पूर्ण झालेत आता स्कूटी चालते ना सर, तर नाही चालत, ॲक्टिव्हा ११० सीसीची आहे. एक्सएल मोपेड सुद्धा १०० ची आहे. पूर्वी लुना होती ती बसायची ५० मध्ये, आज शोरूमला जाऊन ५० सीसीची पेट्रोल गाडी मागितली तर जवळपास मिळतच नाही. बॅटरीच्या ज्या गाड्यांना नंबर प्लेट लागत नाही त्या २५० वॉटच्या आतल्या आणि २५ च्या वर न पळणाऱ्या, तेवढ्याच कायद्यानं मोटार वाहनात धरत नाहीत.

आणि पकडलं तर काय, हे दाजींना आणि जाऊबाईंना दोघांनाही वाचून दाखवा. २०१९ ला कायद्यात १९९अ हे कलम घातलं, त्याप्रमाणं अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी धरतात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लर्निंग लायसन्स सुद्धा मिळत नाही. पंचवीस! म्हणजे कॉलेज होऊन नोकरीला लागल्यावर सुद्धा गाडी नाही. मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटायला बघाल तर ते तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि रोज क्लासला जाते हे अख्ख्या गावाला माहीत असताना काय सिद्ध करणार? इन्शुरन्सचं पण तसंच, चालवणाऱ्याकडं लायसन्स नसेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम जातो, आणि समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर कंपनी ती मालकाकडनं वसूल करू शकते. द्राक्षाचं एक अख्खं पीक जाईल त्यात.

दीदीबद्दल मला जास्त काळजी वाटते, खरं सांगतो. आठ वर्षांच्या पोराच्या गाडीची अजून चर्चा चाललीय, दीदी तर रोज जातेय, तुमच्या त्या रस्त्यानं, आणि कारखाने चालू झाले की त्या रस्त्याला काय असतं तुम्हाला मी सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं लाइट नाही रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला, ओव्हरटेक करायला गेलं की पहिली ट्रॉली दिसते आणि दुसरी दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला गाडीचा बॅलन्स छान येत असेल, मला शंका नाही, पण ओव्हरटेक करायला जागा पुरेल का, समोरनं येणारं वाहन किती वेगात आहे, हा अंदाज रस्त्यावरच्या अनुभवानं येतो आणि तो अनुभव उसाच्या ट्रॉलीमागं घ्यायचा नसतो. शाळेसाठी बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, आणि क्लासच्या वेळेला पास चालत नसेल तरी महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. बसची वेळ जुळत नसेल तर क्लासवाल्या सरांशी बोला, एका गावातल्या चार-पाच मुली असतील तर बॅचची वेळ बदलून देतात, त्यांनाही विद्यार्थी हवेच असतात. नाहीतर सायकल, अंतर कमी असेल तर. आणि धाकट्याला दीदीला चालतं मला का नाही याचं उत्तर तुम्ही देऊच नका, दीदीची ॲक्टिव्हा बंद झाली की प्रश्नच राहत नाही.

सासऱ्यांच्या राजदूतबद्दल. त्यांना खोटं पाडायची गरज नाही, त्यांनी चालवली असेल, चांगली चालवली असेल. पण तेव्हा त्या रस्त्याला दिवसभरात किती गाड्या होत्या आणि आज किती आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार, त्यांनाच विचारा शांतपणे. आणि जे वाचले तेच आज सांगायला बसलेत, हे मात्र मनात ठेवा, त्यांना ऐकवू नका.

आता रानातलं. इथं कायदा तुम्हाला अडवत नाही, म्हणून इथं आपल्यालाच डोकं लावायचंय. फक्त एक, रान म्हणजे आपलं खासगी रान. पाणंद, शिवरस्ता, गावाकडं जाणारी गाडीवाट, जिथं कुणीही येऊ जाऊ शकतं ती सगळी कायद्याला सार्वजनिक जागाच, डांबर असो नाहीतर माती. त्या डर्ट बाइकला नंबर नाही, इन्शुरन्स नाही, हेडलाइट सुद्धा नसतो, पाणंदीत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धडकली तर सगळं दाजींच्या खिशातनं आणि वर केस.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत असं आहे की सोळाच्या आतल्या पोरांना अशा ऑफ-रोड गाड्या देऊच नयेत. तिकडं पोरांच्या डर्ट बाइकचा छंद आपल्यापेक्षा कितीतरी जुना आणि मोठा आहे, जखमी पोरं त्याच डॉक्टरांसमोर येतात, त्यामुळं त्यांचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. मी स्वतः एवढा कडक नाही, कारण ज्या पोराला घरात कडेकोट नाही म्हटलं जातं ते गल्लीतल्या मित्राची गाडी चावी फिरवून बघतंच, त्यापेक्षा बापासमोर, बंद रानात, अंगावर सगळं घालून, हळू शिकलेलं मला चालेल. पण सहाच्या आत इंजिन नको, काहीही झालं तरी. आणि सहानंतर वय विचारू नका, तीन-चार गोष्टी बघा. एकाच वर्गातली दोन आठ वर्षांची पोरं, एक तयार असतं आणि एक अकराव्या वर्षी सुद्धा नसतं, आणि जे तयार नसतं ते बऱ्याचदा जास्त धाडसी असतं. पोरगं घाबरत नाही म्हणजे तयार आहे असं घरचे मला सांगतात, मला तर न घाबरणारं पोरगं बघितलं की जास्त भीती वाटते.

पहिली गोष्ट सायकल. तुमचं पोरगं पायानं थांबवतंय, म्हणजे त्याच्या अंगाला ब्रेक ही सवयच नाही. गाडीवर काय होईल बघा, पोरगं घाबरलं की दोन्ही पाय खाली घासणार, मुठी आवळणार, गाडी पुढं सुटली की अंग मागं जातं आणि अंग मागं गेलं की मनगट खाली वळतं आणि मूठ अजून पिळली जाते. म्हणजे पोरगं घाबरून जितकं घट्ट धरेल तितकी गाडी जोरात पळणार. मोठ्या माणसांचं पण हेच होतं, शिकवताना रोज बघतो मी, पण मोठा माणूस निदान पाय टेकून गाडी आवरू शकतो. तर उद्याच सायकल दुकानात न्या, ब्रेक शूज आणि केबल नवीन टाका, शंभर-दोनशेचं काम असेल. मग खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानात फक्कीची एक रेघ मारा, पोराला लांबनं जोरात यायला सांगा आणि रेघेच्या आत ब्रेकनं थांबायला सांगा, पाय न घासता. मग रेघ नाही, तुम्ही मधेच कधीही "थांब" म्हणायचं आणि त्यानं तिथल्या तिथं थांबायचं. गणपतीत स्लो सायकल स्पर्धा असते ना, ती घरी घ्या, पाय न टेकता सगळ्यात शेवटी कोण पोचतं, कारण हळू चालवता येणं हे जोरात चालवण्यापेक्षा अवघड आहे आणि बॅलन्स तिथंच कळतो. चालवता चालवता मागं वळून बघायला सांगा, सायकल वाकडी जाते का बघा. हे सगळं दोन-तीन महिने सहज जमायला लागलं की पुढं बोलू.

दुसरी गोष्ट, ऐकणं. आणि हे सायकलवर नाही, एरवी बघायचं. मित्र समोर असताना तुम्ही हाक मारली तर येतं का, मोबाइल ठेव म्हटलं की ठेवतं का, की पाच मिनिटं पाच मिनिटं करत अर्धा तास? क्रिकेटमध्ये आउट झाल्यावर बॅट देतं का? मला हसण्यावारी नेऊ नका, गाडीवर "थांब" ऐकू येणं आणि त्यावर थांबणं यात पोराचा जीव असतो. बघायला चार पोरं जमली की ज्याचा वेग वाढतो, त्या पोराला अजून गाडी नको. पडल्यावर रडलं तरी हरकत नाही, रडून झाल्यावर का पडलो ते सांगता येतं का हे बघा. आणि एक, पोराला स्वतःला हवंय का? कधी कधी हौस काकाची आणि बापाची असते आणि पोरगं त्यांच्या आनंदासाठी हो म्हणत असतं, त्याला एकट्याला बसवून विचारा.

तिसरी गोष्ट अंगाची. आठ वर्षांचं पोरगं साधारण २५ किलोचं, आणि लहान पोरांसाठी जगभर चालते ती यामाहाची पीडब्ल्यू ५० सुद्धा ४० किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळ्यात छोटी गाडी पण पोरापेक्षा जड. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, चवडे तरी पक्के, मोठा होईल तेव्हा पुरेल म्हणून उंच गाडी घ्यायची नाही, तो हिशोब शाळेच्या युनिफॉर्मला ठीक आहे. मूठ न सोडता बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचली पाहिजेत आणि तो दाबायला जोर पुरला पाहिजे. इंजिन बंद ठेवून पोराला ती गाडी ढकलत मैदानाला एक फेरी मारायला सांगा, वळवायला सांगा, सुरुवातीला तेवढीच परीक्षा पुरे.

दिरांना फोन करून त्या सेकंडहँड गाडीबद्दल विचारा. मूठ पिळून सोडली की आपोआप मागं येते का, केबल अडकत असेल तर ती गाडी फुकट दिली तरी नको. ॲक्सिलेटर ठराविकच्या पुढं पिळला जाऊ नये म्हणून स्क्रू असतो तो आहे का, पीडब्ल्यू ५० ला असतो. मनगटाला बांधायची दोरी असते, पोरगं गाडीवरनं पडलं की दोरी निघून इंजिन बंद होतं, ती नसेल तर बसवून घ्या. चेनवर कव्हर, सायलेन्सरवर जाळी. त्या बुटक्या पॉकेट बाइक मिळतात, दोरी ओढून चालू होणाऱ्या, इवलीशी चाकं असलेल्या, त्यातली असेल तर नकोच, ढेकळात त्याचं चाक लगेच अडकतं. बॅटरीची घ्यायचा विचार असेल तर वेग कमी-जास्त करायची सोय असलेलीच बघा, आणि तिचा आवाज नसतो त्यामुळं ती चालू आहे हेच पोराला समजत नाही, हात लागला की सुटते, म्हणून चावी कायम मोठ्याच्या खिशात.

जागेचं मला तुमच्या भागाबद्दल मुद्दाम सांगायचंय. द्राक्षबागेत अजिबात नाही, दोन ओळींच्या मधली वाट सरळ आणि मोकळी दिसते पण मांडवाच्या तारा आणि अँगल, पोराच्या तोंडाच्या, गळ्याच्या उंचीला काय येतं ते आधी स्वतः वाकून बघा. जमिनीवर ठिबकच्या नळ्या. शेततळ्याच्या आसपास नाही, प्लास्टिकच्या कागदावरनं मोठा माणूस सुद्धा वर येऊ शकत नाही. बिनकठड्याच्या विहिरीचं तर काय सांगायचं. बेदाणा शेडजवळची मोकळी जागा शेड बंद असताना चांगली, किंवा पीक निघालेलं, रोटर मारलेलं रान, माती मऊ असते, गाडी आपोआप हळू चालते आणि पडलं तरी लागत नाही फारसं. मुरमाड माळावर सुरुवात नको, तिथं चाक सरकतं आणि गुडघे सोलतात.

हेल्मेट पोराच्या मापाचं. भुवयांच्या वरनं डोक्याचा घेर टेपनं मोजा आणि त्या मापाचं आयएसआय मार्कचं घ्या. पट्टा लावून पोराला जोरात मान हलवायला सांगा, हेल्मेट वेगळं हलत असेल तर मोठं आहे. मागनं वर ढकलून बघा, डोक्यावरनं निघालं तर परत द्या. दाजींचं हेल्मेट आत फडकं कोंबून घालायचं नाही, पोराची मान कोवळी असते, जड हेल्मेट पडताना मानेलाच ओढतं. फुल पँट, घोट्याच्या वर जाणारे बूट, हातमोजे, गुडघ्या-कोपराचे पॅड. एकदा एक पँट फाटू दे, चालेल, पण चड्डीवर आणि चपलेवर बसवू नका, सायलेन्सरचा चटका पोटरीला असा बसतो की डाग जन्मभर राहतो.

दाजींच्या मनात जर पोरगं रेसर होईल असं काही असेल तर तेही वाईट नाही, पुण्यात सुपरक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर बाइक उडवायच्या, स्पर्धा होतात, मराठी पोरं त्यात पुढं आहेत. पण ती पोरं बंद ट्रॅकवर शिकतात, कोच असतो, स्पर्धेला ॲम्ब्युलन्स उभी असते, आणि एवढं सगळं असून सुद्धा ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या रेस ट्रॅकवर बंगळुरूचा १३ वर्षांचा एक गुणी मुलगा रेसमध्ये पडून गेला. हे मी घाबरवायला लिहीत नाही. ज्या खेळात जीव जाऊ शकतो तो खेळ अर्धवट तयारीनं सुरू करायचा नसतो, एवढं दाजींना पटलं तरी पुरे.

तर ताई, माझं उत्तर असं की या दिवाळीला गाडी नको. पोराला मात्र नाही म्हणू नका, त्याला सांगा की आधी सायकलची परीक्षा, आणि ती पास झालास की उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. पोरांना नाही पेक्षा अट जास्त समजते. दिरांना सांगा या वेळी चांगलं हेल्मेट, बूट आणि पॅड आणा, ते सायकलवर घालून फिरेल तो, त्याला त्याचीही हौस वाटेल आणि अंगाला सवय होईल. पुढं गाडी आली तर पहिल्या दिवशी इंजिन बंद, दाजी मागनं ढकलणार आणि पोरगं ब्रेक मारणार, तेवढंच. मग इंजिन चालू पण स्क्रू पूर्ण आवळलेला आणि दाजी बाजूनं चालत. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत, त्यानंतर पोरांचं लक्ष उडतं आणि दमल्यावरच पडतात. रान एक, गाडी एक, पोरगं एक, चुलतभाऊ मागं बसवून डबल सीट अजिबात नाही.

आणि सासऱ्यांना यातनं बाहेर ठेवू नका, उलट ती सायकलची परीक्षा त्यांच्याकडंच द्या. संध्याकाळी त्यांना वेळ असतो, नातू त्यांचं ऐकतो असं तुम्हीच लिहिलंय, आणि पास-नापास आजोबांनी ठरवायचं म्हटल्यावर ते तुमच्यापेक्षा कडक होतील बघा. फक्की त्यांनीच मारावी, "थांब" त्यांनीच म्हणावं. फक्त त्यांना एवढं सांगा की मैदानात असताना फोनवर बोलायचं नाही, आणि नातवानं तोंड पाडलं म्हणून रेघेच्या पुढं गेलेलं पास करायचं नाही.